पांढरे कपडे पांढरे ठेवायचे तर: आधी पाणी, मग सोडा, शेवटी नीळ

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होस्टेलवर राहायला गेली होती आणि तीन महिन्यांत तिचे दोन्ही एप्रन राखाडी झाले होते. "मावशी, पावडर दुप्पट टाकते, रात्रभर भिजवते, तरी हे असंच. नीळ वाढवू का?" मी म्हटलं, "आता पावडर टाकूच नकोस. वाळलेला, इस्त्री केलेला एक एप्रन नुसत्या गरम पाण्यात टाक, हाताने चांगला हलव आणि काय होतं ते सांग." थोड्या वेळाने तिने फोटो पाठवला. धुतलेल्या एप्रनमधून बादलीभर फेस निघाला होता आणि पाणी दुधाळ झालं होतं.

तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट, क्रमाने लिहिते आहे. घराबाहेर पहिल्यांदाच राहणाऱ्या, स्वतःचं धुणं स्वतः धुणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल. माझे वडील आयुष्यभर पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि टोपी वापरत. आईने ते कपडे वर्षानुवर्षं हाताने धुतले आणि पुढे मी धुतले. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. पांढरा कपडा काळवंडतो तो बहुतेक वेळा त्यातून जे निघून जायला हवं होतं ते आत राहिल्यामुळे: जुनी पावडर, पाण्यातले क्षार, अंगाचं तेल. हे बाहेर काढलं की कपडा आपोआप उजळतो. वरून काही चढवायचं असेल, म्हणजे नीळ, तर ती सगळ्यात शेवटी.

पहिलं काम: आपलं पाणी ओळखा

एकच साबण आणि तेच हात असूनही एका घरात कपडे स्वच्छ निघतात आणि शेजारच्या गावात कळकट, याचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. आपल्याकडे पठारावर बोअरचं आणि टँकरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो धाग्यात बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. डिटर्जंट पावडरचा असा साका होत नाही, पण तिचीही बरीच ताकद या क्षारांशी झुंजण्यातच जाते.

जड पाण्याच्या खुणा घरातच दिसतात. नळाच्या तोटीवर पांढरा खडबडीत थर बसतो, तूरडाळ शिजता शिजत नाही, केस धुतले तरी राठ लागतात. खात्री करायची असेल तर झाकणाच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचे चार-पाच कीस टाका आणि जोरात हलवा. वर टिकाऊ फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी हलकं आहे. फेस कमी आणि पाणी ताकासारखं गढूळ, फुटक्या दह्याच्या कणांसारखं दिसलं तर पाणी जड आहे. या चाचणीला डिटर्जंट चालत नाही, साबणच हवा.

सोसायटीने पाण्याची तपासणी करून घेतली असेल तर अहवालातला 'एकूण जडपणा' हा आकडा बघा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरं पाणी नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांची बेरीज, हा वेगळा आकडा आहे, त्यावरून जडपणा कळत नाही.

पाण्याचा दुसरा दोष लोहाचा. कोकणात जांभ्याच्या भागात आणि इतरत्रही काही बोअरना हे पाणी लागतं. उपसल्यावर स्वच्छ दिसतं आणि बादलीत राहिलं की पिवळसर, चहासारखं होतं. असं पाणी पिंपात रात्रभर उघडं ठेवा. हवा लागली की लोहाचा गंज होऊन तळाशी बसतो, सकाळी वरचं पाणी अलगद काढून वापरा. या पाण्यात ब्लीच कधीही घालू नका. ब्लीचमुळे लोहाचा गंज तिथल्या तिथे तयार होतो आणि पांढरा कपडा बघता बघता तपकिरी पडतो.

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर तुरटीचा खडा बादलीत तीन-चार वेळा फिरवून पाणी काही तास निवळू द्या. हे साबण घालण्याआधी करायचं. साबणाच्या पाण्यात तुरटी घातली तर नवाच साका तयार होतो.

सोडा कोणता आणि किती

इथे सर्वात जास्त घोळ होतो म्हणून थोडं सविस्तर लिहिते. किराणा दुकानात दोन सोडे मिळतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा सौम्य असतो. तो वास घालवतो, डागावर लेप लावायला बरा पडतो, पण जड पाणी हलकं करायला त्याचा उपयोग नाही. ते काम धुण्याचा सोडा करतो. तो कॅल्शियमला पकडून न विरघळणारी भुकटी करतो, आणि अंगाचं तेल, तुपाचा-तेलाचा चिकटा मोकळा करतो. मोबाइलवरच्या बहुतेक युक्त्यांमध्ये नुसतं 'सोडा' असं म्हटलेलं असतं. लोक खाण्याचा सोडा वाटीवाटीने ओततात आणि फरक पडत नाही म्हणून निराश होतात.

धुण्याचा सोडा मिळत नसेल तर घरी करता येतो. खाण्याचा सोडा कोरड्या लोखंडी किंवा स्टीलच्या कढईत मध्यम आचेवर हलवत भाजा. त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि शंभर ग्रॅमचा साधारण 63 ग्रॅम सोडा उरतो. आधी ती पूड पाण्यासारखी उकळ्या घेते, ते थांबलं की तयार. अॅल्युमिनियमचं भांडं मात्र अजिबात नको, ना भाजायला ना कपडे भिजवायला. हा सोडा अॅल्युमिनियम खातो, भांडं काळं पडतं आणि तो काळेपणा कपड्याला लागतो.

प्रमाण असं. लिटरला 400 मिलिग्रॅम जडपणा असलेलं दहा लिटर पाणी हलकं करायला जेमतेम चार-साडेचार ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मळ काढायला आणखी थोडा धरा. मध्यम जड पाण्याच्या अर्ध्या बादलीला पोह्याचा एक चमचा पुष्कळ झाला. यापेक्षा जास्त घालून काही मिळत नाही, उलट हाताची सालं निघतात. हातमोजे घाला, नसतील तर नंतर हाताला खोबरेल लावा.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी पाण्यात सोडा विरघळवा, दहा मिनिटं थांबा, मग पावडर घाला, मग कपडे. पाणी फारच जड असेल तर सोडा घालून अर्धा तास तसंच ठेवा, तळाशी पांढरी भुकटी बसेल, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. तळाची भुकटी कपड्यात गेली की तीच पुढे त्याला राठ आणि करडा करते.

भिजवणं

पांढरे कपडे नेहमी वेगळे आणि आधी धुवा. रंगीत कपड्यांचं पाणी 'अजून चांगलं आहे' म्हणून त्यात पांढरे टाकायचे नाहीत. आपल्याला दिसत नसला तरी रंग सुटत असतो. पांढऱ्यांतही दोन ढीग करा: शुद्ध सुती एकीकडे, टेरिकॉट आणि पॉलिएस्टरचे दुसरीकडे. रेशीम आणि लोकर या दोन्हींपासून लांब. त्यांना ना सोडा, ना गरम पाणी, ना ब्लीच. त्यांच्यासाठी आठ-दहा रिठे फोडून रात्रभर भिजवलेलं पाणी आणि सावलीतलं वाळवण.

चिखल लागला असेल तर तो आधी पूर्ण वाळू द्या, मग ब्रशने झाडा. ओला चिखल चोळला की मातीचे बारीक कण धाग्यात घुसतात, आणि काळ्या मातीचे कण तर फारच बारीक असतात. वारीहून आलेल्या कपड्यांवरचा बुक्का असाच आधी कोरडा झटकून टाकायचा. पाणी लागल्यावर तो पसरतो.

कॉलर, मनगट आणि टोपीची आतली कड इथे मळापेक्षा तेल जास्त असतं. भिजवण्याआधी अर्धा तास तिथे भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब लावून ठेवा. तेल काढायला ते कपड्याच्या पावडरपेक्षा चांगलं. मऊ ब्रश वापरा. ताठ ब्रशने सुताचे तंतू उसवतात आणि त्या लवेवर मळ आणखी धरतो.

सुती कपड्यांना गरम पाणी हवं. थर्मामीटर लागत नाही. अर्धं उकळतं आणि अर्धं नळाचं पाणी मिसळलं की साधारण 60 अंश होतं. त्यात सोडा, पावडर, मग कपडे, आणि अर्धा ते एक तास. रात्रभर भिजवायची पद्धत मला पटत नाही. पाणी थंड झालं की सुटलेला मळ पुन्हा कपड्यावर बसायला लागतो आणि पावसाळ्यात कुबट वास येतो.

परीट पूर्वी पांढरे कपडे सोड्याच्या पाण्यातून काढून भट्टीत वाफवत. कुणाचा कपडा कुठला हे कळावं म्हणून ते कोपऱ्यावर बिब्याच्या रसाने खूण करत. सोडा, वाफ, दगडावरची आपट आणि ऊन, एवढं सगळं सोसूनही ती काळी खूण जात नसे आणि कपडा मात्र शुभ्र निघे. माझ्या आजोबांच्या एका उपरण्यावर ती खूण अजून आहे. घरी भट्टी जमत नाही, पण सुती रुमाल, टॉवेल, पलंगपोस महिन्यातून एकदा मोठ्या स्टीलच्या पातेल्यात, सोडा आणि थोडी पावडर घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळले तर कळकटपणा नक्की जातो. टेरिकॉट आणि इलॅस्टिक असलेले कपडे उकळू नका.

विसळणं, म्हणजे अर्धं धुणं

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे. भाचीच्या एप्रनचं दुखणं इथेच होतं. धुण्याला तासभर देणारी माणसं विसळायला दोन मिनिटं देतात. कपड्यात राहिलेली पावडर धूळ ओढून घेते, आणि इस्त्रीच्या उष्णतेने पिवळी पडते. इस्त्रीनंतर पिवळट झाक येत असेल तर पहिला संशय हाच घ्यावा.

पाणी कमी आहे, मान्य. म्हणून हा हिशोब बघा. पिळलेल्या कपड्यांत एक लिटर साबणाचं पाणी उरलं आहे असं धरा. ते दहा लिटर पाण्यात एकदाच विसळून पुन्हा तेवढेच पिळले, तर अकरावा हिस्सा, म्हणजे नऊ टक्के साबण आत राहतो. तेच दहा लिटर पाणी पाच-पाच लिटर असं दोनदा वापरलं आणि मध्ये नीट पिळून घेतलं, तर छत्तिसावा हिस्सा, तीन टक्क्यांपेक्षाही कमी उरतो. तेवढ्याच पाण्यात! तेव्हा बादली भरून एकदा बुचकळण्यापेक्षा थोडं थोडं पाणी तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी मध्ये पिळणं. तिसऱ्या पाण्यात हात घालून बघा. बोटं एकमेकांवरून घसरत असतील तर अजून साबण आहे.

पहिलं साबणाचं पाणी संडासात किंवा मोरी धुवायला वापरा. शेवटचं विसळण रंगीत कपडे भिजवायला ठेवा. सोड्याचं पाणी झाडांना मात्र घालू नका, त्यातल्या सोडियमने माती बिघडते.

मशीन असेल तर ड्रम तीन चतुर्थांशच भरा, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा थोडी कमीच पावडर घाला आणि 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण दाबा. दोन महिन्यांतून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर, शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व घालून फिरवा. ड्रमच्या मागे साचलेला थर पांढऱ्या कपड्यांवरच उतरत असतो.

आंबट पाणी

शेवटच्या विसळण्यात अर्ध्या बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, नाहीतर चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व, नाहीतर दोन लिंबांचा गाळलेला रस. पाच मिनिटं बुडवून ठेवा, मग साध्या पाण्यातून काढा. जड पाण्याचे जे क्षार धाग्यात बसलेले असतात ते या आंबटाने विरघळतात, सोड्याचा उरलेला अंशही जातो. टॉवेल राठ झाले असतील तर एकाच वेळी फरक कळतो. दर धुण्याला लागत नाही, महिन्यातून एक-दोनदा पुरे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायची युक्ती सगळीकडे दिसते. फेस छान येतो, पण त्या फेसात दोघं एकमेकांना संपवतात, आणि उरतं ते जवळजवळ निरुपयोगी मीठपाणी. दोन्ही वापरायचे तर वेगवेगळ्या पाण्यात: सोडा धुताना, आंबट शेवटच्या विसळण्यात.

करडे झालेले जुने कपडे सावरायचे असतील तर हाच क्रम थोडा वाढवा. आधी नुसत्या गरम पाण्यातून, पावडर न घालता, फेस थांबेपर्यंत काढा. मग आंबट पाण्यात अर्धा तास. मग साधं पाणी. मग सोडा आणि नेहमीच्या निम्मी पावडर घालून धुवा. भाचीचे एप्रन दोन रविवारांत परत पांढरे झाले. नवीन काही विकत आणावं लागलं नाही, होस्टेलच्या मेसमधली लिंबं आणि सोड्याची पुडी एवढंच.

नीळ

नीळ मळ काढत नाही. जुना सुती कपडा किंचित पिवळा पडतो, त्यावर निळ्याची अगदी फिकट झाक आली की पिवळेपणा डोळ्याला जाणवेनासा होतो आणि कपडा पांढरा भासतो. म्हणून कळकट कपड्याला नीळ दिली की तो निळसर-करडा दिसतो. कपड्यात साबण राहिला असेल तर डाग पडतात.

बादलीत आधी पाणी घ्या. पातळ नीळ असेल तर बाटलीवरच्या प्रमाणाने, पण पहिल्यांदा त्याच्याही निम्म्याने सुरुवात करा. चार-पाच थेंब टाका आणि हाताने खूप ढवळा. पुडीतली नीळ असेल तर पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यात फिरवा. सुटे कण कपड्यावर बसले की निळे ठिपके पडतात. पाणी उन्हाळ्यातल्या आभाळाएवढं फिकं हवं, बुडवलेल्या तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसायला हव्यात. आधी एक जुना रुमाल बुडवून बघा.

कपडा ओला असला पाहिजे, पण पिळा घातलेला नको. झटकून, पूर्ण उलगडून, एका वेळी एकच बुडवा, खालीवर करा आणि लगेच काढा. पिळ्यात नीळ साचून रेघा उठतात. पाण्यात कपडे ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. दर तिसऱ्या-चौथ्या धुण्याला नीळ दिली तरी पुरते.

जास्त झाली तर आधी साध्या पाण्यातून दोन-तीनदा काढा. तरी राहिली तर नीळ कोणती यावर उपाय ठरतो. पुडीतली जुन्या पद्धतीची नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. ती सोड्याला दाद देत नाही, पण आंबटाने तिचा रंग जातो, म्हणून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा. कुजक्या अंड्यासारखा थोडा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. याच कारणाने नीळ आणि आंबट पाणी कधी एकत्र करायचं नाही. पातळ नीळ हा बहुधा रंग असतो. तो गरम साबणाच्या पाण्यात अर्ध्या तासाने बराच उतरतो.

ऊन

सुती पांढऱ्या कपड्याला उन्हासारखं औषध नाही. कपडा ओला असताना ऊन लागलं की पिवळेपणा आणि कितीतरी डाग फिके होतात. म्हणून थेंब गळत असतानाच उन्हात घाला. पण पॉलिएस्टर, रेशीम आणि लोकर उन्हात उलट पिवळी पडतात. ते सावलीत, वाऱ्यावर.

वाळत घालण्याआधी तार आणि चिमटे ओल्या फडक्याने पुसा. चिमट्याच्या लोखंडी स्प्रिंगचा गंज हा पांढऱ्या सदऱ्याचा मोठा शत्रू आहे. गंजाचा डाग पडलाच तर त्यावर मीठ चोळा, लिंबू पिळा, उन्हात तासभर ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. गरज पडली तर पुन्हा करा. हे सुतीवरच.

हळद आणि इतर डाग

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि नवखा माणूस घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल आणि आंबटात पिवळं होतं, साबण धुतला गेला की ते परत पिवळं दिसेल. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आमटी-भाजीचा डाग असेल तर आधी भांड्याच्या लिक्विडने तेल काढा, गार पाण्याने धुवा, मग साबण, मग ओलाच कपडा कडक उन्हात घाला. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. एक-दोन दिवसांत, मध्ये मध्ये ओलं करत राहिलात तर, लग्नातल्या हळदीचे डागसुद्धा जातात. पावसाळ्यात ऊन नसेल तर डाग तसाच राहू द्या आणि ऊन पडलं की घाला. घाईने ब्रश मारून कपडा फाडू नका.

रक्ताच्या डागाला फक्त गार पाणी. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं शिजतात आणि डाग कायमचा बसतो. गार पाण्यात मीठ घालून भिजवा. उरलं तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. ते 6 टक्क्यांचं असेल तर तितकंच पाणी घालून डागावर टाका, फेस येईल, टिपून घ्या आणि धुवा.

काखेतला पिवळेपणा नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये अॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाशी मिळून तो थर बसतो. ब्लीचने तो आणखी पिवळा होतो. दोन चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा पेरॉक्साइड यांचा लेप तिथे अर्धा तास लावा आणि धुवा. हा लेप लागेल तेवढाच करा, बंद बाटलीत भरून ठेवू नका. बाटली फुटू शकते.

एप्रनवर बेटाडिन सांडलं आणि तिथे काळानिळा डाग उठला तर दचकू नका. एप्रनला खळ असेल तर आयोडिन आणि स्टार्च मिळून तो रंग येतो. लिंबाच्या रसातलं क जीवनसत्त्व आयोडिनचा रंग घालवतं. रस लावा, दहा मिनिटांनी धुवा.

ब्लीच

क्लोरीनचं ब्लीच मी वर्षातून एखाद्या वेळी, फक्त सुती पलंगपोसांना आणि बुरशीच्या काळ्या ठिपक्यांना वापरते. बाटलीवरच्या प्रमाणाने, गार पाण्यात, दहा मिनिटं, आणि मग भरपूर विसळणं. वारंवार वापरलं तर सूत विरतं आणि धोतर मधूनच फाटतं. टेरिकॉट आणि इलॅस्टिकला नको.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अॅसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. बाळाची दुपटी आणि लंगोट आधी साध्या पाण्यातून स्वच्छ काढल्याशिवाय ब्लीचमध्ये घालू नका, लघवीतल्या अमोनियाशीही त्याचा विषारी वायू होतो. चुकून असं झालं आणि डोळे-घसा चुरचुरायला लागला तर तिथून ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत जा.

ठेवणीतले पांढरे कपडे

एकदाच घातलेला सदरा 'स्वच्छच आहे' म्हणून कपाटात ठेवला की वर्षभराने कॉलर आणि काखा पिवळ्या दिसतात. अंगाचं तेल दिसत नाही, पण ते हवेने हळूहळू पिवळं पडत जातं. ठेवण्याआधी धुवाच. खळ धुऊन काढा, खळीवर कसर येते आणि घडीच्या रेषेवर कापड पिवळं पडतं. खळ आणि इस्त्री घालायच्या आदल्या दिवशी करावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद स्वतःच पिवळा पडणारा. जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती साडीचा तुकडा सगळ्यात चांगला. कपडा पूर्ण वाळलेला असू द्या, आणि डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

वडिलांची दोन धोतरं माझ्याकडे आहेत, आईच्या एका पातळाच्या तुकड्यात बांधलेली. दरवर्षी दिवाळीच्या आधी, पाऊस संपून ऊन कोरडं झालं की ती बाहेर काढते, नुसत्या पाण्यातून काढून गच्चीवर घालते, आणि परत ठेवताना घडी मागच्या वर्षीच्या रेषेवर येणार नाही अशी घालते.